पदवी आधी, ओळख नंतर : भारतातील फिजिओथेरपी शिक्षणाचा मुंबई ते दिल्ली प्रवास

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ साली तो साजरा होऊन एक दिवस उलटतो न उलटतो तोच, ९ सप्टेंबरला, दिल्लीतील केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनला एक पत्र लिहिले. फिजिओथेरपिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर म्हणून प्रशिक्षित नसतात, त्यामुळे त्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावल्यास रुग्णांची दिशाभूल होते आणि १९१६ च्या भारतीय वैद्यकीय पदवी कायद्याचा भंग होऊ शकतो, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, महासंचालनालयाने ते पत्र मागे घेतले. विषयाचा अधिक विचार होणे आवश्यक आहे, असे कारण त्यात दिले होते.

वृत्तपत्रांनी हा वाद दोन अक्षरी उपाधीचा म्हणून मांडला आणि समाजमाध्यमांवर तो तसाच रंगला. परंतु उपाधी हे वरवरचे लक्षण आहे. वेदनेने किंवा दुर्बलतेने त्रासलेल्या माणसाला तपासावे कोणी, त्याला काय झाले आहे हे ठरवावे कोणी आणि उपचाराची आखणी करावी कोणी, हा या वादामागचा मूळ प्रश्न. फिजिओथेरपिस्ट दुसऱ्याने लिहून दिलेले व्यायाम करवून घेणारा साहाय्यक आहे, की स्वतःच्या ज्ञानावर निर्णय घेणारा व्यावसायिक? हा प्रश्न २०२५ चा नाही. त्याचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे आणि त्याची मुळे लंडनमध्ये आहेत.

१८९४ साली लंडनमध्ये ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूजेस’ स्थापन केली. त्या काळी मालिश-उपचाराच्या नावाखाली लंडनमध्ये अनैतिक धंदे चालत असल्याचा बोभाटा वैद्यकीय नियतकालिकांतून झाला होता. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या स्त्रियांना आपली प्रतिष्ठा जपायची होती. त्यासाठी त्यांनी स्वतःवरच काही बंधने घालून घेतली. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे बंधन असे की, डॉक्टरच्या सूचनेवाचून कोणताही उपचार करायचा नाही. याच संस्थेला १९२० साली शाही सनद मिळाली आणि तीच पुढे ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची चार्टर्ड सोसायटी झाली. डॉक्टरवरचे अवलंबित्व या व्यवसायाच्या जन्माबरोबर आले खरे, पण ते ज्ञानाच्या अपुरेपणातून आलेले नव्हते. बदनामीपासून संरक्षण म्हणून ते जाणीवपूर्वक स्वीकारलेले होते. पुढे प्रसंग विसरला गेला आणि नियम मात्र उरला. ब्रिटिश वैद्यकीय परंपरेच्या छायेतील देशांत तो रुग्णालयांच्या रीतीतच मुरला.

भारतात या व्यवसायाला निकड आणली ती पोलिओने. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढील भागातील प्रेरक चेतापेशींवर हल्ला करतो. स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या या पेशी मेल्या की स्नायू शाबूत असूनही लुळे पडतात. मेलेली पेशी परत येत नाही. पण वाचलेल्या पेशी आपल्या तंतूंना नवे फाटे फोडून अनाथ झालेल्या स्नायुतंतूंशी जोडून घेऊ शकतात. या काळात सांधे आखडू न देणे, जिवंत स्नायूंना योग्य तेवढेच काम देणे आणि वाढत्या हाडांना वाकडे वळण लागू न देणे, यांवर त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य ठरते. हे काम गोळीने किंवा इंजेक्शनने होत नाही. त्यासाठी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, प्रशिक्षित हात आणि डोळे लागतात.

असे हात १९४० च्या दशकातील मुंबईत जवळजवळ नव्हतेच. फातिमा इस्माईल यांना ते स्वतःच्या घरात जाणवले. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला आणि उपचारांच्या शोधात त्यांना मद्रासपर्यंत जावे लागले. मुलगी सुधारू लागली, तेव्हा हीच सोय इतर मुलांना का नसावी, या विचाराने त्यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीची त्यांची संस्था पुढे हाजी अलीच्या परिसरात रुग्णालयाच्या रूपाने उभी राहिली. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

त्याच सुमारास परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणखी एक स्त्री काम करीत होती. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी मराठी निंबकर घराण्यात विवाहाने आल्या आणि कमला निंबकर झाल्या. १९५० साली त्यांनी के.ई.एम.मध्ये भारतातील पहिली व्यवसायोपचार प्रशाला सुरू केली. आजाराने किंवा अपघाताने हात-पाय अडखळू लागलेल्या माणसाला जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, कामधंदा करणे पुन्हा शिकवणारी ही शाखा. फिजिओथेरपीची ती सख्खी बहीण, आणि भारतात ती दोन-तीन वर्षांनी थोरली. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याच रुग्णालयात भारतातील पहिली फिजिओथेरपी प्रशाला निघाली. शासन, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा तो संयुक्त उपक्रम होता. फलटणमधील ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेचे नाव महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. त्या नावामागचा हा अध्याय मात्र फारसा परिचित नाही.

१९५५ साली दोन गोष्टी घडल्या. हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था केंद्रीय आरोग्य खात्याच्या छत्राखाली उभी राहिली, आणि इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. १९५१ साली कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या जागतिक महासंघाचे सदस्यत्व या संघटनेला १९६७ साली मिळाले.

या आरंभीच्या प्रशिक्षणात विद्यार्थी काय शिकत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. स्नायूंच्या बळाची मोजदाद शून्य ते पाच अशा श्रेणीत केली जाते. शून्य म्हणजे कसलीच हालचाल नाही. एक म्हणजे स्नायूची नुसती थरथर. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भार काढून घेतला तर होणारी हालचाल, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारी, चार म्हणजे थोड्या विरोधालाही पुरून उरणारी, आणि पाच म्हणजे पूर्ण बळ. कागदावर हे सोपे दिसते. पण चार वर्षांचे मूल जेव्हा दुबळ्या स्नायूचे काम शेजारच्या सशक्त स्नायूकडून करवून घेऊन परीक्षकाला चकवते, तेव्हा नेमका कोणता स्नायू किती काम करतो आहे हे ओळखायला शरीररचनेचे पक्के ज्ञान लागते. चुकीची श्रेणी म्हणजे चुकीचा व्यायाम, आणि चुकीचा व्यायाम म्हणजे कायमचे व्यंग. निदानाचा एक भाग या व्यवसायात पहिल्या दिवसापासून होता. त्याला निदान म्हणण्याची मात्र प्रथा नव्हती.

दिल्लीत हे शिक्षण वेगळ्या दाराने आले. एका स्वयंसेवी परिषदेमार्फत चालणारी जवाहरलाल नेहरू भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आणि तिच्या जोडसंस्था १९७५ साली केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या. १९७६ साली तिला स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. आज ती पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय शारीरिक दिव्यांगजन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या पत्त्यात मराठी वाचकाला ओळखीचे नाव भेटते : ४, विष्णू दिगंबर मार्ग. कुरुंदवाडला जन्मलेल्या पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. पुढे मिरजेत गानविद्या शिकून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या परंपरेतील दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय आहे दीनदयाळ उपाध्याय मार्गावर, आणि दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाची संस्था आहे पलुस्करांच्या नावाच्या रस्त्यावर. हा योगायोगच, पण अपंगत्वाला न जुमानता विद्येची संस्था उभारणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर हे शिक्षण रुजावे, हे अनुरूप खरे.

दार वेगळे असल्याचे परिणाम दूरगामी झाले. मुंबईची राष्ट्रीय संस्था आरोग्य खात्याची होती, तर दिल्लीची समाजकल्याण खात्याची. एकीकडे फिजिओथेरपी ही रुग्णसेवा मानली गेली, दुसरीकडे अपंगकल्याण. दिल्ली विद्यापीठाने या संस्थेच्या अभ्यासक्रमांना संलग्नता दिली. साडेचार वर्षांचा, म्हणजे चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने आंतरवासिता असा, पदवी अभ्यासक्रम रूढ झाला. अशा रीतीने शिक्षण एका मंत्रालयाकडे, पदवी विद्यापीठाकडे आणि नोकऱ्या बहुतांशी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत, अशी विभागणी झाली. पदवीधराच्या नोंदणीचे पालकत्व मात्र कोणाकडेच नव्हते.

या विसंगतीचे सर्वांत स्पष्ट रूप त्याच इमारतीत दिसत असे. तेथे तीन पदव्यांचे शिक्षण चालते : फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, आणि कृत्रिम अवयव व आधार-उपकरणे. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषद कायदा केला. त्यानुसार कृत्रिम अवयवांच्या पदवीधराला राष्ट्रीय नोंदवहीत स्थान मिळाले. त्याच जिन्याने चढउतार करणाऱ्या, एकाच पायाच्या रुग्णावर त्याच्यासोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला ते मिळाले नाही, कारण त्याचा व्यवसाय त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता. वैद्यकीय परिषदेचाही तो सदस्य होऊ शकत नव्हता. विद्यापीठाची पदवी हातात होती, पण ती पदवी नसलेल्या कोणालाही ‘फिजिओथेरपिस्ट’ अशी पाटी लावण्यापासून रोखणारा राष्ट्रीय कायदा अस्तित्वात नव्हता. याचा पहिला फटका रुग्णालाच बसत असे. कंबरदुखीवर यंत्राचा शेक देणारा माणूस साडेचार वर्षे शिकलेला आहे की सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेला, हे ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते.

दरम्यान पुनर्वसनाच्या दुसऱ्या एका धारेने दिल्लीच्या शिक्षणात भर घातली. ती धारा युद्धातून आली होती. मज्जारज्जूला दुखापत झालेला सैनिक दुसऱ्या महायुद्धापूर्वी सहसा फार काळ जगत नसे. दाबव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याचा बळी घेत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून हे चित्र पालटले. नियमित कूस पालटणे, मूत्राशयाची काळजी, उरलेल्या स्नायूंचे कसून शिक्षण आणि खेळ ही त्यांची साधने होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे बीज ते हेच.

१९६५ च्या भारत-पाक युद्धातील दोन जखमी सैनिकांच्या आयुष्याशी ही धारा जोडली गेली. एक होते मेजर एच. पी. एस. अहलुवालिया. २९ मे १९६५ रोजी ते एव्हरेस्टच्या शिखरावर उभे होते. त्याच वर्षीच्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागून त्यांचे पाय गेले. स्टोक मँडव्हिलमध्ये त्यांच्यावर उपचार झाले आणि तशी संस्था आपल्या देशात असावी या ध्यासातून दिल्लीच्या वसंत कुंज भागात इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे राहिले. दुसरे होते सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यातील या मुष्टियोद्ध्याला गोळ्या लागल्या आणि कमरेखाली पक्षाघात झाला. उपचारांच्या काळात ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. एकाने संस्था उभारली, दुसऱ्याने पुनर्वसनाची परिणती कोठवर जाऊ शकते ते दाखवले.

वसंत कुंजच्या त्या केंद्रात पुढे फिजिओथेरपीचे महाविद्यालय निघाले. १९९८ साली स्थापन झालेल्या गुरू गोविंदसिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठाची त्याला संलग्नता मिळाली. कडकडडूमा येथील अमर ज्योती या डॉ. उमा तुली यांच्या संस्थेने, जिथे अपंग आणि इतर मुले एकाच वर्गात शिकतात, दिल्ली विद्यापीठाशी संलग्न असे फिजिओथेरपी महाविद्यालय चालवले. १९२० साली अलीगढला जन्मलेल्या, १९२५ साली दिल्लीला आलेल्या आणि १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाने या विषयासाठी स्वतंत्र केंद्र काढले. हा बदल महत्त्वाचा होता. रुग्णालयाच्या एखाद्या विभागात शिकवली जाणारी कौशल्ये आता विद्यापीठीय ज्ञानशाखा बनू लागली. पदव्युत्तर शिक्षण, संशोधन, पीएच.डी. यांचे मार्ग उघडले. अस्थिस्नायू, चेतासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग, समुदाय-आरोग्य अशा विशेष शाखा रुळल्या. विद्यापीठीय चौकटीत आल्यामुळे एक नवा प्रश्न विचारणे भाग पडले : हा उपचार चालतो, हे कशावरून?

या प्रश्नाची निकड वाढण्याचे आणखी एक कारण होते. ज्या रोगाने हा व्यवसाय भारतात रुजवला, तो रोगच ओसरू लागला होता. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत पल्स पोलिओ मोहिमेचा आरंभ झाला. पुढच्या वर्षी ती देशभर गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदवलेला रुग्ण भारतातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओ गेला, तसे फिजिओथेरपीचे कामही ओसरायला हवे होते. घडले उलटेच. वाढलेले आयुर्मान, पक्षाघात, मधुमेह, सांधेदुखी, रस्त्यांवरचे अपघात, अतिदक्षता विभागातून वाचून बाहेर पडणारे दुबळे रुग्ण, अकाली जन्मलेली बालके, या सर्वांनी त्या कामाची जागा घेतली. २०१९ साली जगात सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल असा काही ना काही विकार होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला. म्हणजे पृथ्वीवरील दर तिघांपैकी जवळजवळ एकजण.

नव्या रुग्णांबरोबर नवे विज्ञान आले. पक्षाघातानंतर दुबळा हात माणूस वापरेनासा होतो आणि न वापरल्याने मेंदूतील त्याचे प्रतिनिधित्व आणखी आक्रसते. एडवर्ड टाउब यांनी यावर साधा वाटणारा उपाय सुचवला : चांगला हात काही आठवडे जखडून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचे. २०० हून अधिक, नेमके २२२ रुग्ण घेऊन झालेल्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि हा उपाय टिकाऊ गुण देतो हे दिसून आले. याच्या अगदी उलट धडा २०१५ साली मिळाला. पक्षाघाताच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके बरे, अशी अनेकांची धारणा होती. २,१०४ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांत जोरकसपणे हालचाल सुरू केलेल्या गटाचे तीन महिन्यांनंतरचे परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीसे वाईट निघाले.

या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की या व्यवसायाचे शिक्षण लांबत का गेले ते उमगते. व्यायाम हे औषध आहे असे सहज म्हटले जाते. पण औषध म्हटले की मात्रा आली, वेळ आली, निषेध आले आणि दुष्परिणामही आले. एकाच व्यायामाने एका रुग्णाचा हात परत येतो आणि दुसऱ्या रुग्णाची हानी होते. हा विवेक ठरलेल्या व्यायामांच्या तक्त्यातून येत नाही. तो येतो शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, संशोधनपद्धती आणि रुग्णाजवळ घालवलेले तास यांतून.

कायदा मात्र ज्ञानाच्या मागून चालत राहिला. दिल्ली विधानसभेने १९९७ साली फिजिओथेरपी व व्यवसायोपचार परिषदेचा कायदा केला. महाराष्ट्राने तसा कायदा २००२ च्या नावाने केला आणि तो २००४ साली अस्तित्वात आला. त्यामुळे दिल्ली आणि महाराष्ट्रातील पदवीधरांना राज्यापुरती नोंदणी मिळाली. परंतु अनेक राज्यांत अशी परिषदच नव्हती. दिल्लीत शिकून अशा राज्यात गेलेल्या पदवीधराच्या नोंदणीला तेथे आधार उरत नसे.

राष्ट्रीय कायद्याचा पहिला मोठा प्रयत्न २००७ साली झाला. त्या विधेयकात वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी तीन केंद्रीय परिषदा प्रस्तावित होत्या. फिजिओथेरपिस्टांना परिषद हवी होती, पण ‘निमवैद्यकीय’ या शिक्क्यासह नको होती. हे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. ३१ डिसेंबर २०१८ रोजी नवे विधेयक राज्यसभेत आले, ते बदलून २०२० साली दुसरे आले, आणि अखेर मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला. त्या वेळी देश कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या उंबरठ्यावर होता. अतिदक्षता विभागांत रुग्णांना पालथे झोपवणे, श्वसनाचे व्यायाम देणे, आठवडेच्या आठवडे निपचित पडलेल्या शरीरांना पुन्हा उभे करणे ही कामे याच व्यावसायिकांच्या हातून होत होती.

या कायद्याने जुना गुंता बऱ्याच अंशी सोडवला. त्याने ‘संलग्न’ आणि ‘आरोग्यसेवा’ व्यावसायिक असा भेद केला : पहिल्यासाठी किमान २,००० तासांचे, दुसऱ्यासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण. फिजिओथेरपिस्टाच्या व्याख्येत रुग्णाची सर्वांगीण तपासणी, योग्य अन्वेषण आणि उपचार हे शब्द आले; तो स्वतंत्रपणे अथवा बहुशाखीय चमूचा भाग म्हणून काम करू शकतो असे नमूद झाले; आणि किमान पात्रता म्हणून पदवी ठरली. त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचा आधार घेतला गेला. त्या वर्गीकरणात फिजिओथेरपिस्टांचा क्रमांक २२६४ आहे, म्हणजे ते ‘व्यावसायिक’ गटात मोडतात. फिजिओथेरपी साहाय्यकांचा क्रमांक ३२५५ आहे, म्हणजे ते ‘तंत्रज्ञ’ गटात. १८९४ पासून धूसर राहिलेली रेषा चार अंकी क्रमांकांनी स्पष्ट केली.

एप्रिल २०२५ मध्ये या आयोगाचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम दिल्लीत प्रसिद्ध झाला. पदवीचा कालावधी पाच वर्षांचा झाला आणि त्यात पूर्ण एका वर्षाची आंतरवासिता आली. त्याच दस्तऐवजात फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावावे, असे सुचवले होते. सप्टेंबरमधील पत्राची ठिणगी येथे पडली. एकाच आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील आयोग एक सांगतो आणि महासंचालनालय दुसरे, हे दृश्य या व्यवसायाच्या इतिहासाला धरूनच होते.

या वादात डॉक्टरांच्या संघटनांची चिंता निराधार नाही. कंबरदुखी घेऊन आलेल्या रुग्णाच्या मणक्यात क्वचित कर्करोग असतो किंवा क्षय असतो. रात्रीची न थांबणारी वेदना, कारण नसताना घटणारे वजन, लघवीवरचा ताबा जाणे ही धोक्याची चिन्हे ओळखून रुग्णाला तातडीने योग्य ठिकाणी पाठवले नाही, तर अनर्थ होतो. ‘डॉ.’ या अक्षरांवर विसंबून रुग्ण हे विसरेल, ही भीती खरी आहे. पण याच युक्तिवादातून उलट निष्कर्षही निघतो. ही चिन्हे ओळखण्याचे शिक्षण सक्तीचे करणे आणि ते न घेतलेल्याला कायद्याने रोखणे, हाच त्यावरचा उपाय आहे. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून फिजिओथेरपिस्टाकडे जाण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची अट राहिली नाही. अमेरिकेत या व्यवसायात प्रवेश करायचा तर आज व्यावसायिक डॉक्टरेट पातळीची पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक असते. चिठ्ठी गेली त्या देशांत शिक्षणाची अट सैल झाली नाही, उलट घट्ट झाली.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ व्यावहारिक आहे. बारावीनंतर या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्याने तो दुय्यम पर्याय म्हणून निवडू नये, कारण यापुढे त्यात दुय्यम जबाबदारी असणार नाही. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा संलग्न रुग्णालय पाहावे : तेथे पक्षाघाताचे, भाजलेले, मज्जारज्जूच्या दुखापतीचे, अतिदक्षतेतील रुग्ण किती येतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्याजवळ किती तास मिळतात. संस्थेला मान्यता कोणाची, पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि नोंदणी कोणत्या परिषदेत होणार, ही तीन उत्तरे प्रवेशाआधी हातात असावीत. दिल्लीतील राष्ट्रीय संस्था, कोलकात्याची अस्थिविकलांग संस्था आणि ओडिशातील ओलटपूरची संस्था यांची सामाईक प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्रात हे शिक्षण १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

कामाची क्षेत्रेही रुग्णालयापुरती राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील जिल्हा बाल-हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपिस्टाला स्थान आहे, कारण मान न धरणारे सहा महिन्यांचे बाळ पहिल्याच वर्षी योग्य हाती पडले तर त्याचे पुढचे आयुष्य बदलू शकते. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही हे पद आहे. क्रीडासंघ, शाळा, उद्योग, संशोधन, अध्यापन आणि परदेशातील रुग्णालये हे मार्ग आहेतच. प्रत्येक मार्गावर अखेरीस एकच कसोटी लागते : समोरच्या माणसाचा आजार समजून घेता येतो का, आणि आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते हे कळते का.

नव्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारी पिढी राष्ट्रीय कायद्याच्या व्याख्येतच शिकून तयार झालेली असेल. राज्य परिषदांची घडी बसणे, राष्ट्रीय नोंदवही पूर्ण होणे, ग्रामीण रुग्णालयांत पदे निर्माण होऊन भरली जाणे, ही कामे अजून व्हायची आहेत आणि कायदा होऊनही ती आपोआप होत नाहीत. नावापुढच्या अक्षरांचा निकाल आयोग, मंत्रालय किंवा न्यायालय लावील. तोवर पक्षाघाताने अर्धे अंग गेलेला तालुक्याच्या गावचा शेतकरी घरच्यांच्या आधाराने उठून बसण्याचा प्रयत्न करीत असेल. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्यापर्यंत प्रशिक्षित आणि नोंदणीकृत माणूस पोहोचतो की नाही, यावरच या पाऊणशे वर्षांच्या शिक्षणाचे खरे मोजमाप होईल.